पातेलं संपल्याची खूण

१२ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. नमस्कार झाला, आता राग काढते, कारण इथे ऐकून घ्यायला कोणी मोकळं नाही. सूनबाई म्हणते, "आई, गिऱ्हाइकांसमोर बडबडू नका." मग काय भिंतींशी बोलू? फोनवर तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू देत नाही. आणि तुमच्या दादांना ऐकू यायचं नाही, त्यामुळे आपल्या घराला फोनपेक्षा कागदाचीच सवय.

आपली गल्ली आता तुम्हाला ओळखू येणार नाही. चपला शिवणाऱ्याच्या जागी कॉफीचं दुकान आलंय, तिथल्या खुर्च्यांना पाठच नाही. माणसाने कॉफी प्यावी आणि चालू लागावं, असा हिशेब असणार. लॉन्ड्री होती तिथे मोठं हॉटेल झालंय. दारावर पाटी नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनीच यावं, असा म्हणे थाट असतो. त्यांनी गच्चीवरही टेबलं मांडलीत आणि तिथून शाळेचं मैदान दिसतं. परवा तो हॉटेलवाला शाळेच्या मोठ्या बाईंकडे तक्रार घेऊन गेला की मधल्या सुट्टीत मुलं फार आरडाओरडा करतात, आमच्या लोकांना जेवताना त्रास होतो. मधल्या सुट्टीत मुलांनी काय करावं, डोळे मिटून बसावं? मोठ्या बाई सभ्य पडल्या, "बघते" म्हणाल्या. मी असते तर त्याला तिथेच उठाबशा काढायला लावल्या असत्या.

पण हे सगळं वरवरचं. खरी गोष्ट अशी की शाळाच पाडणार आहेत. तिथे टॉवर होणार, खाली दुकानं आणि आणखी हॉटेलं. शाळेला मोठ्या रस्त्यापलीकडे, गोदामांच्या मागे जागा देणार. आपल्या नातीचा, भिंगरीचा, उजवा कानही आजोबांच्या वाटेने चाललाय, डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात सांगितलं. त्या रस्त्यावर मागून येणारा ट्रक तिला कसा कळणार? इथे तिसरीच्या बाई फळ्याकडे तोंड करून कधी बोलत नाहीत, पोरीकडे वळून बोलतात. वर्गातली मुलं तिच्याशी आपल्या खानावळीतल्या हातांच्या खुणांनी गप्पा मारतात. ती वर्गात हसते, वन्सं. पलीकडे गेल्यावर शेवटच्या बाकावर बसून नुसती बघत राहील.

नियम असा आहे की वस्तीतल्या लोकांनी सभेत हात वर करून होकार दिला, तरच शाळेची जागा बिल्डरला देता येते. रविवारी सभा आहे, शाळेच्याच हॉलमध्ये. आणि गंमत ऐका. सभेच्या जेवणाचं काम आपल्याला मिळालंय! बिल्डरचा एक माणूस येतो, मी त्याला गोडबोल्या म्हणते. तो स्वतः आला आणि म्हणाला, "काकू, तुमच्या हातचं असेल तरच लोक येतील." मला जरा खटकलं. पण म्हटलं, येऊ देत. लोक माझ्या हातचं जेवतील आणि मग मी माइक घेऊन या गोडबोल्याची पिसं काढीन. शाळेसाठी भांडणाऱ्या सगळ्या बायका मदतीला येणार आहेत, म्हणजे आमची फौज आयती हॉलमध्येच.

आधी लोकांच्या पोटात काहीतरी जाऊ दे, मग तोंड उघडते. कसं झालं ते कळवीन.

तुमची वहिनी

२७ जानेवारी

वहिनी,

कसं झालं ते तू कळवलंच नाहीस. पण मला कळलं.

माझ्यासमोर शिवणाच्या टेबलावर पेपरचं कात्रण आहे. मथळा असा: "शाळेच्या स्थलांतराला रहिवाशांचा एकमुखी पाठिंबा". खाली फोटो. त्यात पहिला हात तुझा. एप्रन बांधलेलं, मान ताठ, हात आकाशाला लागलेला. तुझ्यामागे सूनबाईचा हात. तिच्यामागे कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचा. सगळी फौज हात वर करून उभी आहे. अशी कशी गं ही फौज?

दादाला चार शाळांनी दारातून परत पाठवलं होतं. "ऐकू न येणारं मूल आम्ही कुठे सांभाळणार," असं म्हणत होते. आई त्याला घेऊन या पाचव्या शाळेच्या पायरीवर बसली आणि उठलीच नाही. त्या वेळच्या बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं. मी त्याच्या शेजारी बसायचे. मी वयाने लहान, पण त्याच्यासाठी मला एक वर्ष आधी शाळेत घेतलं होतं. तुला हे सगळं माहीत आहे, निदान मला तसं वाटत होतं.

तुला काय मिळालं? नव्या टॉवरमध्ये दुकान? संगमरवरी ओटा? खानावळीत माझाही अर्धा वाटा आहे हे विसरलीस की काय? निदान मला विचारायचंस तरी. मी नाही म्हटलं असतं म्हणूनच विचारलं नाहीस.

दादा असता तर त्याने तुझ्या हातचं पाणी घेतलं नसतं.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

५ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र वाचलं आणि शेगडी बंद करून बसले. गिऱ्हाईक दारात उभं होतं, त्याला म्हटलं, "आज स्वयंपाक नाही, आज फक्त संताप आहे." गेला बिचारा.

कळवलं नाही, कारण तोंड दाखवायला जागा नव्हती. आता ऐका, आणि मध्ये बोलू नका.

हॉल गच्च भरला होता. गोडबोल्याने सभा आणि जेवण एकदमच सुरू केलं. म्हणाला, "लोकांना खोळंबून ठेवायला नको, जेवता जेवता ऐकतील." आम्ही पंगतीत शिरलो. तुम्हाला माहीत आहे, मी एकदा वाढायला लागले की मला ताटं दिसतात, माणसं दिसत नाहीत. चौथ्या रांगेला भात संपला. मी काय केलं? जे लग्न होऊन या घरात आल्यापासून करत आले, तेच केलं. हात वर केला. सूनबाईने बघितला, तिने वर केला. तिचा बघून शिंपीणबाईंनी केला. तसा तो हात रांगेरांगेने स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि शेगडीवरच्या मावशी भाताचं दुसरं पातेलं घेऊन आल्या. आमच्याकडे रोज असंच चालतं. ओरडायचं नाही, हात पुढे सरकवायचा. कोणी शिकवलं हे? तुमच्या दादांनी.

आणि त्याच वेळी तिकडे माइकवर गोडबोल्या विचारत होता, "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा." पंख्यांच्या आणि ताटवाट्यांच्या आवाजात आम्हाला अक्षर ऐकू आलं नाही. मग "विरोधात कोण?" असं विचारलं, तेव्हा आम्ही रस्सा आणायला आत गेलो होतो. आम्ही बाहेर आलो तर टाळ्या वाजत होत्या. मला वाटलं, जेवण आवडलं! वन्सं, मी मान लववून टाळ्या घेतल्या. हसून घेतल्या. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी कचेरीत गेले. साहेब म्हणाले, "बाई, हात वर म्हणजे हात वर. आम्ही काय हातांचे अर्थ लावत बसायचे?" शेजारी गोडबोल्या बसला होता, तो मला म्हणतो, "काकू, भात मात्र अप्रतिम होता." मला त्याच्या डोक्यावर पातेलं पालथं घालावंसं वाटलं.

त्या साहेबाचा मला राग आहेच, पण तुमचा त्याहून जास्त आहे. साहेबाला खुणा कळत नाहीत. तुम्हाला तर कळतात ना? त्या फोटोत माझा हात नीट बघा. आंगठा कुठे आहे बघा. तळवा कुणीकडे आहे बघा. तुमच्या सख्ख्या भावाची भाषा, तुम्ही त्याच्या शेजारच्या बाकावर बसून शिकलेली, आणि तुम्ही पेपरचा मथळा वाचलात, हात वाचला नाहीत. संगमरवरी ओटा म्हणे!

आम्ही हरकत घेतली आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याच साहेबांपुढे सुनावणी आहे. खुणा खऱ्या आहेत हे सांगणारं घरचं माणूस तुमच्याशिवाय उरलेलं नाही. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आणि एक. आमच्या गल्लीत निघणारा तो पेपर तुमच्या शहरात विकायला येत नाही. ते कात्रण तुम्हाला पाठवलं कोणी?

१३ फेब्रुवारी

वहिनी,

सुईत दोरा ओवायचं भिंग घेऊन फोटो पाहिला. आंगठा आत दुमडलेला आहे. तळवा मागे वळलेला आहे. दुसऱ्या हातात डाव आहे, तो समोरच्या माणसाच्या डोक्याआड गेलाय म्हणून आधी दिसला नाही. पातेलं संपलं, दुसरं आण. मला दिसायला हवं होतं, दिसलं नाही. ओट्याबद्दल जे लिहिलं ते मागे घेते.

ही खूण त्याने शाळेतच काढली होती, हे तुला त्याने कधी सांगितलं का? मधल्या सुट्टीत दूध वाटायचे. त्याला हाक ऐकू यायची नाही, म्हणून रांगेत तो नेहमी मागे राहायचा आणि तोवर दूध संपायचं. मग त्याने वाटणाऱ्या बाईंना हात दाखवायला सुरुवात केली: आंगठा आत, म्हणजे माझा पेला रिकामा आहे. पुढे आम्ही सगळीच पोरं तसा हात करायला लागलो आणि त्याची हाक रांगेतून पुढे जायला लागली.

सुनावणीचं म्हणशील तर माझा गुडघा सध्या काही चालू देत नाही. शाळा सुरू व्हायच्या आधीचे गणवेशही डोक्यावर आहेत. मी साहेबांना सविस्तर लिहून पाठवलं तर चालणार नाही का? आणि वहिनी, रागावू नकोस, पण कदाचित पलीकडची जागा इतकी वाईट नसेलही. नवे वर्ग असतील, उजेड असेल. तो माणूस तसा बोलायला सभ्य वाटला. भिंगरीसाठी ते वेगळी गाडी ठेवायलाही तयार होतील.

कात्रण कुणीतरी पाठवलं. ते एवढं महत्त्वाचं नाही.

तब्येतीला जप. एवढं रागावणं तुला सोसत नाही.

२१ फेब्रुवारी

वन्सं,

"सभ्य वाटला." कोणाला वाटला? तुम्ही त्याला कधी पाहिलंत? मी तर त्याचं वर्णन फक्त गोडबोल्या एवढंच केलं होतं.

तुमचं पत्र हातात असतानाच तो खानावळीत आला. हरकत मागे घ्या म्हणाला. मी म्हटलं, निघा. जाताना हसला आणि म्हणाला, "तुमच्या वन्संनी बरोबर सांगितलं होतं. वहिनी वाढायला लागली की छप्पर कोसळलं तरी आधी शेवटच्या ताटापर्यंत जाईल."

हे वाक्य बाहेरचं नाही, आपल्या घरातलं आहे. तुमचे दादा हातवारे करून हे सांगायचे आणि तुम्ही ते बोलून दाखवायचात, लग्नात, बारशात, जिथे जाल तिथे. मला चिडवायला, पण कौतुकाने. ते कौतुक तुम्ही या माणसाच्या हातात दिलंत? तो तुमच्याकडे आला, तुम्ही त्याला चहा पाजलात, आणि मला कसं गुंतवून ठेवायचं ते सांगितलंत?

आणि वर मलाच विचारता, तुला काय मिळालं! तुम्हाला काय मिळालं ते आधी सांगा.

येऊ नका. आलात तर माझ्या दारात येऊ नका.

२४ फेब्रुवारी

वहिनी,

मला काहीही मिळालेलं नाही. बाकीचं कागदावर उलगडणार नाही.

मी येतेय. तुझ्या दारात नाही, थेट कचेरीत.

९ मार्च

वन्सं,

तुम्ही आलात. कचेरीत माझ्याकडे पाठ करून बसलात, आणि साहेबांनी नाव पुकारल्यावर गुडघा धरत उठलात. मग तुमच्या दादांच्या सगळ्या खुणा एकेक करून दाखवल्यात. पाणी आण. मीठ कमी आहे. या गिऱ्हाइकाला घाई आहे. हा माणूस कटकट्या आहे. ती शेवटची खूण तुम्ही साहेबांकडे बोट दाखवूनच केलीत. मला हसू फुटत होतं, पण मी तुमच्यावर रागावले होते म्हणून ओठ दाबून बसले. साहेब म्हणाले, "बाई, हे नाटक पुरे," आणि तुम्ही टेबलावर असा हात आपटलात की त्यांचा पेला कलंडला. "नाटक तुम्ही केलंत, भाताच्या पातेल्याला मत समजून!" मग शिपायाने तुम्हाला बाहेर नेलं आणि तुम्ही तशाच बस धरून गेलात. पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत, म्हणून लिहिते. लिहिते म्हणजे राग गेला असं समजू नका.

साहेबांनी रुमालाने कागद टिपले आणि मला म्हणाले, "ही खूण तुम्ही परवा ठरवली नाहीत कशावरून? उद्या कोणीही येईल आणि म्हणेल की माझा आंगठा दुमडलेला होता."

गोडबोल्या मान डोलवत होता. आणि खरंच सांगते, मी काही मनात योजून केलं नाही. तहान लागली म्हणून माझा हात आपोआप वर गेला. आंगठा आत, तळवा मागे.

सूनबाई दारात उभी होती, तिने हात वर केला. ती काय चाललंय ते ऐकतही नव्हती, भिंगरीची वेणी सोडवत होती. बाहेर बाकावर शिंपीणबाई, त्यांनी केला. जिन्याच्या तोंडाशी आपल्या वाणीणबाई उभ्या होत्या, त्यांनी केला. आणि पार दुसऱ्या टोकाला, जिथे या खोलीतला शब्दही पोचत नाही, तिथून शेगडीवरच्या मावशी उठल्या, कोपऱ्यातल्या पिंपातून तांब्या भरला आणि चालत चालत साहेबांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कुणाला हवंय?"

साहेब उठले, दारापाशी गेले, वाकून बाहेरपर्यंत पाहिलं. बायका अजून हात वर करून उभ्या होत्या, कारण पाणी पोचल्याची खूण मी दिलीच नव्हती. साहेबांनी मावशींना विचारलं, "तुम्हाला आत काय चाललंय ते माहीत आहे?" मावशी म्हणाल्या, "मला काय करायचंय? हात दिसला, आणलं."

साहेब खुर्चीत बसले आणि ते पाणी स्वतःच प्यायले. मग लिहिलं: त्या दिवशीचे हात धरता येत नाहीत, सभा पुन्हा घ्यावी. गोडबोल्याचा चेहरा पडला, तो बघायला तुम्ही हव्या होतात.

सभा एप्रिलमध्ये आहे. अजून काहीही जिंकलेलं नाही. तोवर गोडबोल्या घरोघर फिरतोय. वरच्या इयत्तांच्या बऱ्याच पोरांना आईबापांनी आत्ताच दुसरीकडे घातलंय, शाळा जाणारच असं धरून. मला त्यांचाही राग येतो.

आणि तुमच्याकडून मला अजून उत्तर हवंय.

१८ मार्च

वहिनी,

उत्तर देते. जानेवारीच्या सभेआधी तो माझ्या मुलाची ओळख काढून आला होता. टॉवरला खानावळीची जागाही हवी आणि तिच्यात माझा वाटा आहे, म्हणून माझी संमती हवी म्हणाला. मी ती दिली नाही. मग त्याने विषय बदलला, खानावळीचं कौतुक केलं. तुझं केलं. वहिनी, या शहरात मी वर्षानुवर्षं पडद्यांना काठ मारते, माझ्या माणसांबद्दल मला कोणी काही विचारत नाही. त्याने विचारलं. मी सुटले. दादाचं सांगितलं, खुणांचं सांगितलं, तुझ्या वाढण्याचं सांगितलं. तो ऐकत होता आणि मी उलगडत होते. त्याने मापं घेतली, हे मला तुझ्या पत्रानंतर कळलं. कात्रणही त्यानेच पाठवलं. तुझ्यावर चिडून मी संमती देईन असा त्याचा अंदाज होता.

तुला ते सांगायची लाज वाटली, म्हणून गुडघा पुढे केला. पलीकडची शाळा चांगली असेल हे लिहिलं तेही त्या लाजेपायीच. माझं मलाच पटलं नव्हतं.

मला त्याचा इतका राग येतो की शिवताना टाके वाकडे पडतात. परवा एका पोराचा गणवेश उसवून पुन्हा शिवला.

तू माफ कर असं म्हणत नाही. सभेला येऊ का, एवढंच विचारते.

२० एप्रिल

वन्सं,

"या" म्हणून कळवलं होतं आणि तुम्ही निघालाही होतात, तेवढ्यात गुडघ्याने या वेळी खरंच दगा दिला. तेव्हा खाटेवर पडून ऐका.

सभेच्या आधी गोडबोल्या पुन्हा आला. जेवणाचं काम पुन्हा तुम्हालाच, म्हणाला. मी म्हटलं, "या वेळी बाहेरून मागवा. मी जेवायला येणार आहे." तो पहिल्यांदाच न हसता निघून गेला.

त्याने त्या बिनपाटीच्या हॉटेलातून जेवण आणलं. पांढऱ्या डब्यांत, प्रत्येकात चार घास. त्यावर एक पान टेकवलेलं, ते खायचं की नुसतं बघायचं हे कोणाला कळेना. वाणीणबाईंनी डबा उघडला, मिटला आणि म्हणाल्या, "हे नमुन्याला आहे का?" सगळा हॉल हसला. लोक उपाशी आणि तापलेले, सभेला असेच हवेत.

आम्ही सगळ्या पहिल्या रांगेत बसलो. शेगडीवरच्या मावशीही. त्यांना खुर्चीत बसवायलाच किती विनवण्या कराव्या लागल्या! म्हणे, मी भिंतीशी उभी राहते. मी म्हटलं, आज भिंतीशी तो गोडबोल्या उभा राहील.

मी माइकवर बोलले. फार नाही. दूध वाटपाची ती गोष्ट सांगितली, तुम्ही लिहिलेली. एक मुलगा रांगेत मागे राहायचा आणि या शाळेने त्याचा हात ओळखला. आता त्याची नात तिसरीत आहे. तिला रस्त्यापलीकडे पाठवायचं असेल तर खुशाल हात वर करा, फक्त तिच्याकडे बघून करा. भिंगरी माझ्या शेजारी उभी होती. तिला यातलं काही ऐकू आलं नाही, ती आपली लोकांकडे बघून हसत होती.

"मान्य कोणाला?" असं विचारलं तेव्हा काही हात वर गेले. कॉफीवाला, हॉटेलवाला, ज्यांना टॉवरमध्ये घर कबूल केलंय ते. त्यांतल्या दोघांचे हात भिंगरीकडे बघून अर्धेच राहिले आणि खाली आले. त्यांची नावं मी घेत नाही, पण इथून पुढे त्यांच्या ताटात रस्सा जास्त पडेल.

मग या वेळी सभा चालवायला आलेल्या कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "विरोधात कोण?" मी हात वर केला. आणि जन्माची खोड, वन्सं, आंगठा आत! मावशी ताडकन उठल्या आणि निघाल्या की स्वयंपाकघराकडे. मी भर सभेत ओरडले, "बस गं मावशी! आज काही आणायचं नाही, नुसता हात वर कर!" साहेब तोंडावर कागद धरून हसत होते. मावशी गोंधळून परत बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. साहेब म्हणाले, एकच धरता येईल.

मागे वळून पाहिलं तर सगळा हॉल हातांनी भरला होता. निम्म्यांचे आंगठे आत. ज्यांनी आयुष्यात आपल्या खानावळीत पाय ठेवला नाही, त्यांचेसुद्धा.

शाळा इथेच राहिली. पण जी पोरं गेली ती परत येत नाहीत आणि चौथीचा वर्ग ओसाड दिसतो. हॉटेलवाला परवा पुन्हा म्हणाला की मधल्या सुट्टीत फार आवाज होतो. मी त्याला म्हटलं, आता जास्तच होणार. गोडबोल्या शेजारच्या गल्लीत फिरताना दिसला. माझा राग उतरलेला नाही आणि उतरू द्यायचाही नाही.

तुमच्यावरचा? थोडा उरलाय. गुडघा बरा झाला की या आणि समोर बसून भांडा. या वेळी माझ्याच दारात यायचं.

आणि तोवर कोणी चहाला आला, गोड बोलला, वहिनी कशी आहे म्हणून विचारलं, तर त्याला सांगा: आमची वहिनी आता आधी बसते, कोण काय विचारतंय ते ऐकते, आणि मगच वाढायला उठते.

तुमचीच,
वहिनी